मडके कुंभाराचे की मातीचे?



या खेपेला विषय थोडा वेगळा घेतला आहे. देव आणि माणूस यांत सारखेपण किती आणि वेगळेपण किती, या प्रश्नाला ख्रिस्ती धर्माने काय उत्तर दिले, ते उत्तर मराठीत कसे आले आणि आपल्या संप्रदायाच्या सिद्धांताशेजारी ठेवले तर काय दिसते, एवढे पाहायचे आहे. वारकऱ्याने हे कशाला पाहावे, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण आमच्या धाराशिव जिल्ह्यातच घडले आहे.

१०, ११ आणि १२ जानेवारी २०२० या तीन दिवशी उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. संमेलनाच्या नगरीला नाव दिले होते आमच्या तेरच्या गोरोबाकाकांचे. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. कॅथलिक धर्मगुरू, ‘सुवार्ता’ मासिकाचे अनेक वर्षांचे संपादक आणि बायबल सोप्या मराठीत आणणारे लेखक. या अध्यक्षपदावर ख्रिस्ती धर्मगुरू प्रथमच बसत होते. काहींनी त्याला विरोध केला. आपल्यातील पुष्कळ मंडळी मात्र म्हणाली, ‘असू द्या हो, सगळे धर्म एकच सांगतात.’ फादर जुलै २०२४ मध्ये निवर्तले.

विरोध करणाऱ्याने दार लावून घेतले. ‘सगळे एकच’ म्हणणाऱ्याने दार उघडे असून आत पाहिले नाही, बाहेरूनच नमस्कार केला. दोघांनीही पाहुणा काय मानतो ते विचारले नाही. ज्या माणसाने आपल्या भाषेत आपला धर्मग्रंथ आणण्यासाठी आयुष्य घातले, त्याचे म्हणणे नीट ऐकणे हाही आदर आहे. म्हणून हा खटाटोप.

दृष्टांत लांब शोधायला नको. तेरणेच्या काठी गोरोबाकाकांची समाधी आहे. काका जातीने कुंभार. मुक्ताबाईंच्या विनंतीवरून काकांनी थापटणे घेऊन एकेका संताच्या डोक्यावर मारून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही कथा आपल्याला पाठ आहे. काकांचे हात गेले तेव्हा पांडुरंग स्वतः त्यांच्या घरी राबायला आला, माती तुडवली, चाक फिरवले, मडकी घडवली, हीही कथा आपण कीर्तनातून सांगतो. म्हणजे तेरला देव स्वतः कुंभार झाला.

आता ऐका. ख्रिस्ती लोकांच्या ग्रंथातही देव कुंभारच आहे.

बायबलचे पहिले पुस्तक उत्पत्तीचे. मूळ भाषा हिब्रू. त्यात माणसाच्या निर्मितीची हकीकत दोनदा येते. पहिल्या अध्यायात देव स्त्री आणि पुरुष यांना आपल्या प्रतिरूपाचे, आपल्याशी सदृश असे निर्माण करतो. दुसऱ्या अध्यायात तो जमिनीची माती घेऊन माणूस घडवतो आणि त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो. हिब्रूत जमिनीच्या मातीला ‘अदामा’ म्हणतात आणि पहिल्या माणसाचे नाव ‘आदाम’, म्हणजे मातीचाच. माणूस ‘घडवला’ यासाठी तिथे जे क्रियापद आहे, त्याच धातूपासून हिब्रूत कुंभार हा शब्द झाला आहे. पुढे यिर्मया नावाचा संदेष्टा देवाच्या आज्ञेने कुंभाराच्या घरी जातो. चाकावरचे मडके हातात बिघडते, तेव्हा कुंभार त्याच मातीचे दुसरे घडवतो, हे तो पाहतो आणि त्यावरून देवाची सत्ता ओळखतो. नव्या करारात संत पौलही मातीने कुंभाराला जाब विचारू नये, असे सांगतो.

प्रतिरूपासाठी जो हिब्रू शब्द आहे, त्याचा अर्थ पुतळा, मूर्ती असाही होतो. त्या काळी राजे दूरच्या मुलखात आपले पुतळे उभे करीत, इथे सत्ता कोणाची हे कळावे म्हणून. बायबल तोच शब्द राजाच्या दगडी पुतळ्याला न लावता प्रत्येक माणसाला लावते. यहुदी धर्मात देवाची मूर्ती करायला सक्त मनाई. पण देवाने स्वतः आपली एक मूर्ती घडवून ठेवली आहे, ती म्हणजे माणूस. इथवरचे त्यांचे म्हणणे आपल्याला चटकन पटते.

भेद पुढे आहे, आणि तो बारकाईने पाहायचा आहे. आपल्या शास्त्रात प्रत्येक कार्याची कारणे पाहतात. मडक्याचे निमित्तकारण कुंभार, उपादानकारण माती. देव हे जगाचे कोणते कारण? आपला वेदान्त सांगतो, दोन्ही. मुंडकोपनिषदात कोळ्याचा दृष्टांत आहे: कोळी जाळे विणतो आणि सूतही स्वतःतूनच काढतो. छांदोग्यात उद्दालक श्वेतकेतूला सांगतो की मातीचा एक गोळा कळला की मातीचे सगळे पदार्थ कळले, बाकी घागर, परळ ही नावेच. तेव्हा आपल्याकडे मडके कुंभाराचे आहे आणि मातीचेही आहे, आणि कुंभार व माती दोन नाहीत. गीतेच्या १५ व्या अध्यायात भगवंत जीवाला आपला अंश म्हणतात, तेही याच अर्थाने.

ख्रिस्ती आचार्य म्हणतात, देव केवळ निमित्तकारण. मग माती कुठली? तीही देवानेच निर्माण केली, पण स्वतःतून काढली नाही. आधी काहीच नव्हते, देवाच्या इच्छेने आणि शब्दाने झाले. ‘शून्यातून निर्मिती’ हा त्यांचा सिद्धांत दुसऱ्या शतकाच्या अखेरीस पक्का होत गेला. त्यामुळे माणूस देवाचा अंश होऊ शकत नाही. श्वास फुंकला म्हणजे देवाने आपला तुकडा आत घातला, असा अर्थ ते करीत नाहीत. संत ऑगस्टिन (३५४ ते ४३०) तरुणपणी सुमारे नऊ वर्षे मानी नावाच्या धर्मसंस्थापकाच्या पंथात होते. त्या पंथात आत्म्याला दैवी प्रकाशाचाच अंश मानीत. ऑगस्टिन त्यातून बाहेर पडले आणि त्यांनी ठामपणे लिहिले की आत्मा देवाने केलेला आहे, देवाचा भाग नव्हे. देवाच्या अंशाला पाप कसे लागेल, अज्ञान कसे लागेल, हा त्यांचा मुद्दा. आपल्याकडे याच शंकेला अविद्येने, उपाधीने उत्तर दिले आहे. शंका एक, वाटा दोन.

आता कोणी म्हणेल, हे तर मध्वाचार्यांचेच मत झाले. बरेचसे जवळ आहे. मध्वमतातही देव केवळ निमित्तकारण, आणि जीव व ईश्वर यांचा भेद खरा आणि कायमचा. पण मध्वमतात जीव अनादी आहे. ख्रिस्ती मतात जीवाला आरंभ आहे. तो नव्हता, देवाने केला म्हणून झाला, आणि देव धरून ठेवतो म्हणून टिकतो. त्याचे असणे हेच दान आहे.

मग सारखेपण कशात? यावर त्यांच्यात पुष्कळ खल झाला. दुसऱ्या शतकातील इरेनियस यांनी ‘प्रतिरूप’ आणि ‘सादृश्य’ या दोन शब्दांत फरक केला. पुढच्या आचार्यांनी तो असा मांडला की प्रतिरूप, म्हणजे बुद्धी आणि इच्छेची मोकळीक, पापानेही पुरते जात नाही. सादृश्य, म्हणजे देवासारखे पवित्र जगणे, ते मात्र पापाने हरवते आणि कृपेने परत मिळते. ऑगस्टिन यांना मनातील स्मृती, बुद्धी आणि इच्छा या त्रयीत त्रयैक्य देवाची खूण दिसली.

१२१५ साली रोमला लॅटरन येथे मोठी धर्मपरिषद भरली. तिने एक मर्यादा आखून दिली, ती आजही कॅथलिक विचाराचा कणा आहे. निर्माता आणि निर्मित यांत कितीही मोठे सारखेपण दाखवले, तरी त्याहून मोठे वेगळेपण शिल्लक राहतेच, असा तिचा आशय. देव चांगला आहे आणि माणूस चांगला आहे, यात ‘चांगला’ हा शब्द एकाच मापाने चालत नाही. अगदी परकाही नाही, नाहीतर देवाविषयी बोलताच आले नसते. हा विचार थॉमस अक्विनास यांनी तपशिलाने मांडला. ते १२७४ साली निवर्तले. परंपरेप्रमाणे आपल्या ज्ञानोबामाउलींचा जन्म शके ११९७, म्हणजे १२७५ चा. एक वर्षाचे अंतर. तिकडे भेद राखून सादृश्य कसे बोलावे याचे शास्त्र पुरे होत आले होते आणि इकडे अभेद राखून भक्ती कशी करावी हे सांगणारा जन्माला येत होता.

मर्यादेजवळ जाऊन उभे राहिलेले त्यांच्यातही झाले. जर्मनीतील माइस्टर एकहार्ट हे नामांकित प्रवचनकार जीव आणि देव यांच्या एकपणाविषयी असे बोलू लागले की १३२९ साली पोपने त्यांची काही वचने दोषी ठरवली. एकहार्ट त्याआधीच वारले होते. पूर्वेकडील चर्चने मात्र ‘दैवीकरण’ हा शब्द उघडपणे जपला. चौथ्या शतकातील अथनासियस यांचे म्हणणे, देव माणूस झाला तो माणसाला देवपण लाभावे म्हणून. पण तिथेही कुंपण आहे. १४ व्या शतकातील ग्रेगरी पालामास सांगतात की माणसाला देवाच्या शक्तीत, तेजात वाटा मिळतो, त्याच्या मूळ स्वरूपात नाही.

त्यांचा आवडता दृष्टांत तापलेल्या लोखंडाचा. लोखंड विस्तवात ठेवले की लाल होते, चटका देते, उजेड देते, विस्तवाचे सगळे गुण घेते. पण ते लोखंडच राहते. आपले संत दृष्टांत देतात मिठाचा आणि कापराचा. मीठ पाण्यात विरले की वेगळे काढता येत नाही. कापूर जळाला की मागे काजळीही उरत नाही. माउली, दोन्ही धर्मांतला फरक ध्यानात ठेवायचा असेल तर एवढे दोन दृष्टांत शेजारी शेजारी ठेवा.

मग येशूचे काय? तिथे त्यांनी सगळा भार एका ठिकाणी ठेवला आहे. ३२५ साली नायसिया येथील परिषदेने ठरवले की पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे, निर्मित नाही. ४५१ साली खाल्सेदोन येथील परिषदेने ठरवले की ख्रिस्तात देवपण आणि माणूसपण ही दोन्ही पूर्ण आहेत. ती एकमेकांत मिसळत नाहीत आणि वेगळीही करता येत नाहीत. म्हणजे देव आणि माणूस यांतील दरी माणसाला ओलांडता येत नाही, देवाने ती एकदा ओलांडली. आपण याला पटकन अवतार म्हणतो. शब्द जवळचा आहे, पण आपल्याकडे अवतार पुष्कळ, आणि देव भक्तासाठी वाटेल तेव्हा येतो, कोणाच्या घरी कुंभार होतो तर कोणाच्या घरी दळू लागतो. त्यांच्याकडे तो एकदाच आला, सुताराच्या घरी वाढला, आणि घेतलेले माणूसपण त्याने पुन्हा कधी टाकले नाही.

हा विचार मराठीत आला तो ओवीतून. इंग्लंडात १५४९ साली जन्मलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली साष्टीतील राचोल येथे छापले गेले. दोन भाग, सुमारे ११ हजार ओव्या. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या प्रसिद्धच आहेत. स्वर्गासाठी त्यांनी आपला ‘वैकुंठ’ शब्द घेतला. त्याच साष्टीत १५६७ साली पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती आणि गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालय बसले होते, हेही विसरता येत नाही. भाषेवर प्रेम आणि सत्तेचा जुलूम एकाच मुलखात शेजारी नांदले.

शास्त्राच्या अंगाने हा वाद घेतला तो नीळकंठशास्त्री गोरे यांनी. घराणे चित्पावन, वास्तव्य काशीचे. १८४८ साली ते ख्रिस्ती झाले. ‘षड्दर्शन दर्पण’ हा त्यांचा हिंदी ग्रंथ १८६० सालचा. त्यात सहा दर्शनांचे खंडन आहे, आणि रोख विशेषतः जीव-ब्रह्म ऐक्यावर. आपल्या बाजूने ते वाचताना राग येऊ शकतो. पण ते घरचे शास्त्र शिकून मग बोलत होते. त्यांचा पूर्वपक्ष आपल्या विद्यार्थ्यांनी वाचावा, म्हणजे उत्तरपक्ष घट्ट होतो.

तिसरे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे संसार मोडला. लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या आणि पुढे स्वतः विचार करून १९०० साली ख्रिस्ती झाल्या. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ अनेक माउलींनी वाचली असतील. टिळकांची कर्मभूमी अहमदनगर. तिथल्या ख्रिस्ती मंडळीत त्यांच्या आधीपासूनच टाळ-मृदंगावर कीर्तन होत असे, टिळकांनीही ते केले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्ताला आई म्हणून, गुरू म्हणून हाका आहेत, तळमळ तर ओळखीचीच. ऐक्याची भाषा त्यांच्याही तोंडी येते, पण ते ऐक्य प्रेमाचे. भक्त भक्तच राहतो. लोखंड लाल झाले, विरले नाही.

आता येथे एक शंका येते. टिळकांना तुकोबांचा पूल कसा सापडला? आपला सिद्धांत जर मिठाचा, तर लोखंडवाल्याला आपल्या अंगणातून वाट कशी मिळाली?

याचे उत्तर असे की आपल्या संतांनी विरघळून गेल्यावरही प्रेमासाठी दोनपण राखले. माउलींनी अमृतानुभवाच्या आरंभी देव आणि देवी यांचे वर्णन केले आहे. दोघे भिन्न दिसतात आणि एकमेकांवाचून एक क्षण नाहीत. अद्वैतातही भक्ती आहे, ती अनुभवावी, तोंडाने सांगता येत नाही, हा माउलींचाच निर्वाळा. तुकोबांनी तर मोक्ष बाजूला ठेवून संतसंग आणि जन्मोजन्मी नाम मागितले. देव विटेवर उभा आणि आपण महाद्वारात, एवढे अंतर वारकऱ्याला हवे असते. अंतर नसेल तर चालायचे कोठे? हे प्रेमाचे दोनपण टिळकांना सापडले आणि त्यावर पाय ठेवून ते पलीकडे गेले. फरक इतकाच की आपले दोनपण प्रेमाने मागून घेतलेले आहे, मुळात एकपणच आहे. त्यांचे दोनपण मुळातले आहे आणि एकपण कृपेने मिळायचे आहे. याला ‘सगळे एकच’ म्हणता येत नाही. परके म्हणून दार लावावे असेही यात काही नाही.

आणि सिद्धांत कोणताही असो, त्याची परीक्षा वागणुकीत होते. येशूंची एक कथा आहे. कर द्यावा की नाही, असे कोणी विचारले तेव्हा त्यांनी नाणे मागवले आणि त्यावर छाप कोणाची ते विचारले. छाप रोमच्या बादशहाची होती. बादशहाचे बादशहाला द्या, देवाचे देवाला, असे त्यांनी सांगितले. पुढच्या आचार्यांनी अर्थ केला की नाण्यावर छाप बादशहाची, तर माणसावर छाप देवाची, म्हणून माणूस देवाला द्यायचा. त्याच पहिल्या शतकात आमचे तेर ‘तगर’ नावाने रोमच्या व्यापाराला माहीत होते. एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगरचा माल गाड्यांनी भडोचला जात असल्याची नोंद आहे. नाण्यावरचा छाप ओळखणारे डोळे तेरच्या बाजारातही होते.

पण माणसावरचा छाप ओळखणे सगळ्यांनाच अवघड गेले. स्पेनच्या लोकांनी अमेरिका जिंकल्यावर तिथल्या मूळ रहिवाशांना माणूस मानावे की नाही, असा वाद ख्रिस्ती राज्यातच उठला. १५३७ साली पोप तिसरे पॉल यांनी ती माणसेच आहेत, त्यांना गुलाम करू नये, असे पत्र काढले. तरी १५५० साली वायादोलिद येथे पुन्हा वाद घालावा लागला. तिथे लास कासास हे धर्मगुरू त्या लोकांच्या बाजूने उभे राहिले. देवाचे प्रतिरूप पुस्तकात पहिल्या पानावर होते, पण शेतात आणि खाणीत चाबूकच चालत होता.

आपण हसायचे कारण नाही. आपला सिद्धांत तर त्याहून उंच. प्रत्येक जीव देवाचा अंश, नव्हे देवच. तरी चोखोबा महाद्वाराबाहेर राहिले, आणि पंढरीचे मंदिर सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १ मे १९४७ पासून तेथे दहा दिवस उपोषण करावे लागले. आपल्या गावांतून कित्येक कुटुंबे ख्रिस्ती झाली, त्याचा दोष आपण मिशनऱ्यांच्या माथी मारतो. दार कोणी लावले होते, हेही एकदा विचारावे.

वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो. वय, जात पाहत नाही, समोरच्याला ‘माउली’ म्हणतो. हा आपला अद्वैताचा आचार. त्यांच्या ग्रंथात येशू सांगतात की भुकेल्याला दिलेले अन्न, तहानेल्याला दिलेले पाणी आणि तुरुंगात जाऊन घेतलेली भेट हे सर्व मलाच पोचते. हा त्यांच्या प्रतिरूपाचा आचार. आपण समोरच्यात देव आहे म्हणून वाकतो, ते समोरच्यावर देवाचा छाप आहे म्हणून सेवा करतात. कारण वेगळे सांगतील, पण पाणी प्यायला मिळालेल्या तहानेल्याला त्याने काही उणे पडत नाही.

तेव्हा माउली, कोणी ख्रिस्ती बांधव भेटला तर ‘तुमचे आमचे एकच’ असे म्हणून विषय आटोपू नका. त्याला विचारा, तुमचा देव कुंभार कसा? आणि तुम्ही आपल्या मातीचे सांगा. दोघेही आपापल्या जागी उभे राहून बोलाल तर ऐकण्यासारखे काही निघेल. गोरोबाकाकांनी थापटणे घेतले तेव्हा समोर सगळे संतच होते. कोणाचे मडके भाजले आहे हे त्यांनी आवाजावरून ओळखले, बोलण्यावरून नाही. तेच थापटणे आपल्या सिद्धांतावरही पडू द्यावे, आणि समोर उपाशी माणूस असताना आवाज कसा येतो ते ऐकावे.

इतके बोलून लेखणी ठेवतो.

॥ पुंडलिक वरदे हरी विठ्ठल ॥